उन्हाळ्यातील बटाट्याची कोशिंबीर

मराठी जेवणाच्या पानात डावी आणि उजवी अशा दोन बाजू आहेत. उजवीकडे भाजी, आमटी यांसारखे पोट भरणारे पदार्थ. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर, म्हणजे तोंडाला रुची आणणारे पदार्थ. वैशाख आणि ज्येष्ठ या महिन्यांत, उन्हाने भूक मंदावली की, घरोघर असा अनुभव येतो की माणसे उजवी बाजू तशीच ठेवतात आणि डावीकडचे मात्र पुन्हा मागून घेतात. अशा दिवसांत या दोन्ही बाजूंचे काम एकटीने करू शकेल अशी एक कोशिंबीर आहे. ती म्हणजे बटाट्याची. तिच्यात पोटाला आधार आहे, दह्यालिंबाची आंबट रुची आहे आणि कोथिंबीर-पुदिन्यासारख्या हिरव्या पाल्याचा ताजेपणा आहे. शिवाय ती सकाळच्या गारव्यात शिजवून दुपारी गार खाण्याजोगी असल्यामुळे भर उन्हात चुलीपुढे उभे राहण्याचा त्रासही वाचतो.

ही कोशिंबीर करावयास अतिशय सोपी, असा सर्वांचा समज आहे. बटाटे उकडावे, चिरावे, दह्यात कालवावे आणि वर कोथिंबीर भुरभुरावी, एवढीच तिची कृती सांगितली जाते. आणि तरीही बहुतेक वेळा ती बिघडते. कधी बटाट्याच्या फोडी मोडून तिचा गिचका होतो. कधी फोडी अखंड राहतात, पण दही आंबट, मीठ खारट आणि बटाटा मात्र आतून सपक अशी तिची गत होते. कधी कोथिंबीर काळवंडते आणि दह्याला पाणी सुटते. आणि कधी, हे सर्वांत वाईट, ती चवीला उत्तम साधते. परंतु दुपारभर उघड्यावर राहिल्याने खाणाऱ्याच्या पोटाला बाधते. वरवर पाहता हे चार वेगळे दोष दिसतात. पण नीट विचार केला तर त्यांचे मूळ बहुतांशी एकच आहे: कोणता जिन्नस बटाटा किती ऊन असताना घालावयाचा आणि किती वेळ ठेवावयाचा, इकडे झालेले दुर्लक्ष. मसाल्याचे प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले तर ही कोशिंबीर सहन करते. उष्णता आणि वेळ यांची चूक मात्र ती सहन करीत नाही.

प्रथम बटाट्याविषयी थोडेसे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या प्रदेशात, हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्याची लागवड सुरू केली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याला लागला असे मानले जाते. मराठी, कोकणी आणि गुजराती या किनारी भाषांनी पोर्तुगीजांचा ‘बटाटा’ हा शब्द उचलला. गंमत अशी की तो शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरील लोकांचा असून रताळ्याचा वाचक होता. उत्तरेकडे मात्र कंदांना पूर्वीपासून लावला जाणारा ‘आलू’ हा संस्कृत शब्दच या नव्या पाहुण्याला मिळाला. आज चीनच्या खालोखाल जगात सर्वाधिक बटाटा भारतात पिकतो. वर्षाचे उत्पादन पाच कोटी टनांच्या पुढे गेलेले आहे. एवढेच नव्हे, तर ज्या उपासाच्या फराळात परके अन्न शिरू नये अशी अपेक्षा, त्याच फराळात बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा हे चौघे मानाने बसलेले आहेत. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका धरला तर चौघांचेही मूळ अमेरिकेत आहे. उपासाची बटाट्याची कोशिंबीर ही म्हणूनच मोठी बोलकी वस्तू आहे: दही आणि जिरे इकडचे, बाकी बहुतेक सारे समुद्रापलीकडचे, आणि तरी ती अस्सल घरची.

आता मुख्य प्रश्न असा, की कोशिंबिरीला बटाटा कोणता घ्यावा? स्वयंपाकाच्या दृष्टीने बटाट्याच्या दोन जाती मानता येतील. एक पिठूळ. त्यात पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा, अंश जास्त असतो. शिजताना त्याच्या पेशी फुगतात, एकमेकींपासून सुटतात आणि बटाटा हाताने सहज कुस्करतो. वड्याच्या सारणाला, पराठ्याला हा उत्तम. दुसरा घट्ट. त्यात पिष्ट कमी आणि पाण्याचा अंश जास्त; शिजल्यावरही त्याच्या फोडीला धार राहते. कोशिंबिरीला हाच हवा. नवा, पातळ सालीचा, नखाने साल निघेल असा बटाटा बहुधा घट्ट असतो. बाजारात विचारून उलगडा झाला नाही तर एक सोपी परीक्षा आहे. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवावे आणि त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा जड असल्यामुळे तळाशी जातो. घट्ट बटाटा त्या मानाने हलका, तो तरंगतो. सगळे बटाटे असे तपासण्याचे कारण नाही. आणलेल्यांपैकी एकदोन तपासले तरी अंदाज येतो.

उन्हाळ्यात या निवडीत आणखी एक अडचण येते. उत्तरेच्या मैदानी प्रदेशात बटाट्याची लागवड मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि पीक जानेवारी ते मार्चपर्यंत निघते. देशातला बहुतेक बटाटा हाच. पुण्यामुंबईच्या बाजारात आग्रा, इंदूर अशा गावांच्या नावांनी तो ओळखला जातो. उकाडा सुरू झाला की हा बटाटा उघड्यावर टिकत नाही, म्हणून तो शीतगृहात २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत थोडा थोडा बाहेर काढतात. इतक्या थंडीत बटाट्यातील पिष्टाचा काही भाग साखरेत बदलतो. त्यामुळे एप्रिल-मेनंतरचा बटाटा कधी कधी गोडसर लागतो आणि तळला तर काळपट लाल होतो. अशा बटाट्याला उपाय आहे. तो शीतकपाटात न ठेवता घरातल्या अंधाऱ्या, हवेशीर आणि त्यातल्या त्यात गार कोपऱ्यात आठ-पंधरा दिवस मोकळा पसरून ठेवावा. साखरेचा बराचसा अंश कमी होतो. तितकी सवड नसेल तर लिंबू किंचित जास्त पिळावे. निलगिरीच्या डोंगरात मात्र वर्षातून एकाहून अधिक पिके निघतात, आणि त्यामुळे दक्षिणेतील मराठी कुटुंबांना ऐन उन्हाळ्यातही ताजा बटाटा मिळण्याचा संभव अधिक.

बटाट्याचे वाणही सारखे नाहीत. या क्षेत्रातील मध्यवर्ती संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास स्थापन झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला हलविण्यात आली. सिमल्याजवळच्या कुफरी या गावाचे नाव तिथे निपजलेल्या वाणांच्या नावांआधी लावले जाते. कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी हे १९६८ मधले दोन वाण घरोघरी पोहोचले. कुफरी चिप्सोना हे वाण पुढे मुद्दाम कापांच्या कारखान्यांसाठी काढण्यात आले. जो बटाटा कुरकुरीत कापांसाठी निवडला जातो त्यात पिष्ट जास्त आणि साखर कमी असते. अर्थात तो कोशिंबिरीच्या कामाचा नव्हे. आणि वाण कोणताही असो, उजेडात राहून हिरवा पडलेला किंवा मोड आलेला बटाटा बाजूला काढावा. त्यातील सोलानीन हे विषारी द्रव्य उकळण्याने नाहीसे होत नाही. थोडासाच हिरवेपणा असेल तर तो भाग आणि मोड खोलवर कापून टाकावे; सर्वत्र पसरला असेल किंवा बटाटा कडू लागला तर सारा बटाटाच टाकून द्यावा.

उकडण्याची रीत हा यापुढचा टप्पा. बटाटे शक्यतो सारख्या आकाराचे, सालीसकट आणि अख्खे उकडावे. चिरून उकडले तर मीठ-पाण्यात चव उतरण्याऐवजी बटाट्याची चव आणि त्यातील क जीवनसत्त्व पाण्यात उतरते, आणि फोडींच्या कडा मऊ पडून मोडतात. बटाटे गार पाण्यात घालून मग आच द्यावी. उकळत्या पाण्यात टाकू नयेत. उकळत्या पाण्यात बाहेरचा थर शिजून फुटतो तोवर आतला गाभा कच्चाच राहतो. गार पाण्यापासून सुरुवात केली की सारा बटाटा हळूहळू एकसारखा तापतो, आणि ५५ ते ६० अंशांच्या टप्प्यात जो थोडा वेळ जातो त्यात पेशींना जोडून धरणारे पेक्टिन नावाचे द्रव्य काहीसे घट्ट होते. पुढे ते सहजी विरघळत नाही, म्हणून फोड टिकते. पाण्यात मीठ घालावे, म्हणजे चव आतपर्यंत जाते. उकळी फुटली की आच मंद करावी. मध्यम बटाट्याला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. घड्याळापेक्षा पातळ सुरीच्या टोकावर विश्वास ठेवावा. ती गाभ्यापर्यंत अडथळ्याशिवाय जावी, पण बटाटा उचलल्यावर मोडू नये.

प्रेशर कुकर हल्ली घरोघर आहे आणि तो इंधन वाचवितो, हे खरे. पण कुकरमध्ये तापमान शंभर अंशांच्या वर जाते आणि एखाद्या शिट्टीचा फरकही बटाट्याला जास्त होतो. म्हणून कोशिंबिरीसाठी साधे पातेलेच बरे. उलट उंच ठिकाणी राहणाऱ्यांना जास्त वेळ द्यावा लागतो. सिमल्यासारख्या सुमारे २,२०० मीटर उंचीच्या गावी पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. तिथे कुकरवाचून बटाट्याला बराच वेळ लागतो आणि कुकर हे गरजेचेच साधन ठरते.

शिजताना पाण्यात लिंबू किंवा चिंच घालू नये. आंबटामुळे पेशींमधील पेक्टिन विरघळण्याचे थांबते आणि बटाटा कितीही उकळला तरी दडस राहतो. चिंचेच्या आमटीत कच्च्या बटाट्याच्या फोडी टाकल्या की त्या तासभर ‘शिजत’ राहतात, याचे कारण हेच. आंबट घालावयाची वेळ निराळी आहे, आणि सारी मख्खी तिथेच आहे.

बटाटे शिजले की पाणी ओतून टाकावे आणि पातेले झाकण न ठेवता दोन मिनिटे बाजूला ठेवावे. अंगची वाफ निघून जाते आणि पृष्ठभाग कोरडा होतो. पुष्कळ घरांत यावेळी बटाटे गार पाण्यात टाकतात किंवा सकाळी उकडून दुपारपर्यंत तसेच ठेवतात, आणि मग गार बटाटा सोलून त्यावर मीठ व लिंबू घालतात. सपक बटाट्याचे कारण हेच. ऊन बटाट्यातील पिष्ट फुगलेले आणि सैल असते. बाहेरून लागलेले मीठ, लिंबाचा रस, तेल यांना आत शिरण्यास वाव असतो. बटाटा गार होत जातो तसे पिष्टाचे धागे पुन्हा एकमेकांना बिलगतात, फोड घट्ट होते आणि मग वर घातलेला रस वरच राहतो. म्हणून हाताला सोसवेल इतका ऊन असतानाच बटाटा सोलावा, साधारण पाऊण इंचाच्या फोडी कराव्या, त्या पसरट ताटात एका थरात ठेवाव्या आणि लगेच त्यांवर मीठ व लिंबाचा रस शिंपडावा. ताट हलकेच हालवावे. डावाने ढवळू नये.

ही युक्ती केवळ आपल्याकडची नाही. जर्मनीच्या दक्षिण भागात, विशेषतः श्वाबिया प्रांतात, बटाट्याची कोशिंबीर फार प्रतिष्ठेची समजतात. तिथे उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या ऊन असतानाच ऊन रसा, व्हिनेगर आणि तेल यांत मुरवतात. उत्तर जर्मनीत मात्र अंड्याच्या मेयोनेझने ती बांधण्याची चाल आहे. जर्मनीतल्याच फ्रँकफुर्ट शहरात सात प्रकारच्या कोवळ्या हिरव्या पाल्यांची थंड चटणी करतात आणि ती उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढतात. रशियात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटेज उपाहारगृहात ऑलिव्हिए नावाच्या पाककुशल गृहस्थाने जी कोशिंबीर प्रसिद्ध केली, तिचेच वंशज आज आपल्या विवाहसमारंभांत ‘रशियन सॅलड’ या नावाने भेटतात. यांपैकी श्वाबियाची रीत उन्हाळ्यात सर्वांत सोयीची, कारण तिच्यात लवकर नासणारे काही नाही आणि आंबटपणा फोडीच्या आत गेलेला असतो.

रस मुरल्यावर फोडी गार होऊ द्याव्या. आणि त्या गार होईपर्यंत दही व पाला यांना हात लावू नये. ऊन फोडींवर दही घातले तर ते फुटून पाणी सोडते. कोथिंबीर घातली तर तिचा वास वाफेबरोबर निघून जातो. कोथिंबिरीचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती अतिशय उडून जाणारी असतात. म्हणून शिजत्या आमटीत आरंभी घातलेली कोथिंबीर शेवटी केवळ रंगापुरती उरते. आंबटाचाही पाल्यावर परिणाम होतो. हिरव्या रंगातील मॅग्नेशियम आम्लामुळे सुटते आणि पाने मळकट पिवळट दिसू लागतात. उष्णता असेल तर हे फार लवकर घडते, गारव्यात हळू. तात्पर्य, पहिली पायरी ऊन असताना मीठ व आंबट, दुसरी गार झाल्यावर दही आणि तिसरी अगदी पानावर घेताना पाला, हा क्रम मोडू नये.

पाला कोणता घ्यावा हा आवडीचा भाग आहे; त्यातही काही तारतम्य असते. कोथिंबीर ही मुख्य. तिची पाने तर घ्यावीच, पण कोवळे देठही बारीक चिरून घालावे. त्यांत चव पानांहून कमी नसते आणि दातांखाली ते कुरकुरीत लागतात. काही लोकांना कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो, आणि त्यांना हट्टी म्हणण्याचे कारण नाही. वास ओळखणाऱ्या एका जनुकातील फरकाशी या गोष्टीचा संबंध आढळला आहे. त्यांच्या घरी पुदिना किंवा कांद्याची पात मुख्य करावी. पुदिना मात्र बेताने, चार माणसांच्या कोशिंबिरीला दहा-बारा पाने. त्याहून जास्त झाला तर बाकी सर्व चवी झाकून टाकतो. शेपू हा महाराष्ट्रात भाजीपुरताच ओळखीचा आहे आणि त्याच्या उग्रपणामुळे पुष्कळांच्या नावडीचा. तथापि उत्तर आणि पूर्व युरोपात बटाटा व शेपू ही जोडी सर्वमान्य आहे. कोवळ्या शेपूचे चमचाभर शेंडे दही-बटाट्यात घातले तर शेपू न खाणारा माणूसही पुष्कळदा ते आवडीने खातो.

पाला धुतल्यावर पूर्ण कोरडा करणे फार महत्त्वाचे. ओला पाला चिरला की तो चिरडतो, काळा पडतो आणि कोशिंबिरीत पाणी नेतो. धुतलेली कोथिंबीर स्वच्छ पंचात गुंडाळून थोडा वेळ ठेवावी. विळी किंवा सुरी धारदार असावी आणि एका पानावरून ती एकदाच फिरावी. पाला आधी चिरून ठेवू नये. वाढण्यापूर्वी पाच मिनिटे चिरावा. बाजारातून आणलेली जुडी मुळांकडून पाण्याच्या पेल्यात उभी करून वर ओलसर फडके झाकले तर उन्हाळ्यातही ती दीड-दोन दिवस तजेलदार राहते.

दह्याविषयी एक सूचना पुरे. ताजे, गोडसर, कवडीचे दही घ्यावे आणि ते फडक्यात अर्धा तास निथळावे. चक्क्याइतके कोरडे करू नये. मीठ फोडींत आधीच मुरलेले असल्याने दह्यात नव्याने फार घालावे लागत नाही आणि पाणी सुटण्याचा संभव कमी होतो. काकडी किंवा कांदा मिसळावयाचा असेल तर त्याला वेगळे मीठ लावून, सुटलेले पाणी पिळून मगच घालावा.

या साऱ्यावरून चार माणसांसाठी प्रमाण असे सांगता येईल: घट्ट बटाटे अर्धा किलो, मीठ लहान चमचाभर, मध्यम लिंबू एक, निथळलेले दही वाटीभर, हिरव्या मिरच्या एक-दोन बारीक चिरून, दाण्याचे कूट दोन मोठे चमचे, चिरलेली कोथिंबीर वाटीभर आणि पुदिन्याची दहा-बारा पाने. फोडणीला मोठा चमचाभर तूप किंवा तेल आणि अर्धा चमचा जिरे. उपास नसेल तर चिमूटभर हिंग व चार कढीलिंबाची पाने. फोडणी करून कोमट होऊ द्यावी, ती गार फोडींवर घालावी, मग दही, मिरची व कूट हलक्या हाताने कालवावे आणि शेवटी पाला. उपासाच्या दिवशी कोथिंबीर काही घरांत चालते, काहींत चालत नाही. ज्या घरची जी रीत असेल ती पाळावी. या प्रमाणात माणशी सव्वाशे ग्रॅम बटाटा येतो, म्हणजे केवळ बटाट्याच्या सुमारे शंभर कॅलरी. बटाट्याने माणूस लठ्ठ होतो अशी भीती घालणाऱ्यांनी दोष बटाट्याला देण्यापूर्वी तो ज्या तेलात तळला जातो त्याचा हिशेब पाहावा. शिवाय उकडून गार केलेल्या बटाट्यातील पिष्टाचा थोडा भाग लहान आतड्यात पचत नाही आणि तंतूंसारखे काम करतो. मात्र तेवढ्यावरून मधुमेही माणसाने प्रमाण सोडावे असा त्याचा अर्थ नव्हे.

आता ज्या दोषाला सर्वांत वाईट म्हटले त्याकडे वळले पाहिजे. ‘उकडलेला पदार्थ आहे, त्याला काय होते?’ हा समज उन्हाळ्यात घातक ठरू शकतो. उकळण्याने बहुतेक जीवाणू मरतात. पण काहींचे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही वाचतात आणि अन्न कोमट झाले की पुन्हा वाढू लागतात. त्यात सोलताना व चिरताना हातावरचे जीवाणू मिसळतात, आणि त्यांपैकी काही जे विष तयार करतात ते अन्न पुन्हा तापविल्यानेही जात नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा टापू आहे. शिजवलेले अन्न या तापमानात एकूण दोन तासांहून अधिक राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासाहून अधिक राहू नये, असा आरोग्यशास्त्राचा सर्वसाधारण दंडक आहे. नागपूर, दिल्ली, हैदराबाद या शहरांत मे महिन्याच्या दुपारी घरातले तापमानही ३२ अंशांच्या वर असते. तेव्हा तिथे ही मुदत एका तासाचीच समजावी.

यासाठी करावयाचे उपाय साधे आहेत. हात, विळी आणि ताट स्वच्छ असावे. फोडी पातेल्यात ढीग करून न ठेवता पसरट ताटात ठेवाव्या. ढिगाचा गाभा तासन्‌तास कोमट राहतो, थर मात्र लवकर निवतो. ताटाखाली गार पाण्याची परात ठेवली तर आणखी लवकर. फोडी निवल्या की झाकून शीतकपाटात ठेवाव्या आणि जेवणाची पाने घेताना दही व पाला घालावा. ज्या घरी शीतकपाट नाही तिथे बटाटे सकाळी न उकडता जेवणाच्या तासभर आधी उकडणे हाच खरा उपाय. पंगतीसाठी मोठ्या प्रमाणावर करावयाची असेल तर दही घातलेली कोशिंबीर मांडवात आणून ठेवू नये; थोडी थोडी कालवून वाढावी. दही किंवा लिंबू यांमुळे थोडे संरक्षण मिळते, पण त्याच्या भरवशावर राहणे बरे नव्हे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध माणसे यांच्यासाठी हा जपणुकीचा नियम अधिक कटाक्षाने पाळावा. उरलेली कोशिंबीर मुदतीत झाकून गार ठेवली असेल तरच दुसऱ्या दिवशी खावी. एरवी टाकून द्यावी, तिच्यात गेलेले पैसे आजारपणाच्या मानाने काहीच नसतात.

नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्राबाहेर वसलेल्या कुटुंबांना ही रीत आणखी एका कारणाने उपयोगी पडेल. बटाटा तर सर्वत्र आहे, आणि त्याचा थंड किंवा कोमट, आंबट, हिरवा पाला घातलेला प्रकारही बहुतेक प्रांतांत आहे. आसामात उकडलेला बटाटा कुस्करून त्यात कच्चे मोहरीचे तेल, कांदा, मिरची व कोथिंबीर घालतात आणि त्याला आलू पिटिका म्हणतात. सोबतीला तिथले लांबट, सुवासिक काजी नेमू हे लिंबू असते. बंगालचा आलू माखा आणि बिहारचा चोखा हे त्याचेच सगेसोयरे. नेपाळात पाल्पा या भागाची चुकौनी म्हणजे दह्यातली बटाट्याची कोशिंबीरच. उत्तरेत आलूचे रायते आहे, कर्नाटकात मोसरु बज्जी आणि तमिळनाडूत दह्याची पच्चडी आहे. मराठी घर गुवाहाटीला असो वा तंजावरला, तिथे दाण्याचे कूट मिळाले नाही, जिऱ्याऐवजी मोहरी फोडणीला पडली किंवा लिंबाची जात बदलली तर काही बिघडत नाही. आसामात कोथिंबिरीऐवजी ‘मान धनिया’ नावाचा लांब दातेरी पानांचा पाला मिळतो. त्याचा वास कोथिंबिरीसारखाच पण अधिक तीव्र, म्हणून तो निम्माच घ्यावा. मोहरीचे कच्चे तेल घालावयाचे असेल तर ते दह्यासारखे मागाहून न घालता मीठ-लिंबाबरोबर ऊन फोडींवर घालावे, म्हणजे त्याचा झोंबरेपणा मुरतो.

जिन्नस बदलले तरी क्रम बदलू नये, एवढे सांभाळले म्हणजे झाले. घट्ट बटाटा गार पाण्यापासून शिजवावा, ऊन असता त्याला मीठ व आंबट द्यावे, पसरून लवकर निववावा, आणि दही व पाला जेवणाच्या वेळी घालून तासाभरात संपवावा. या रीतीने केलेली कोशिंबीर पहिल्या घासात गार आणि आंबट लागते, दुसऱ्यात बटाट्याची स्वतःची गोडी कळते आणि मग कोथिंबिरीचा वास येतो. ज्येष्ठातल्या दुपारी जेवणाचे नाव नको म्हणणारी घरातली माणसे अशा वेळी पान पुढे करून आणखी वाढ मागतात, आणि तीन-साडेतीन वाजता भूक भूक करीत स्वयंपाकघरात फिरत नाहीत.